आमच्याकडं उघडत नाही

बायको मिग्दालिया वारल्यावर एवेलिओनं तिनं शिवलेल्या झग्यांचे फोटो एका वेबपानावर लावले आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सर्व्हर सुरू केला. क्युबातल्या कामाग्वे शहरात, त्यांच्या गल्लीत निम्म्या पोरींचा पंधराव्या वाढदिवसाचा झगा मिग्दालियाच्याच हातचा. छपरांवरून ओढलेल्या नेटवर्कच्या तारांनी गल्लीतली सगळी घरं जोडलेली होती. पान घरोघरी दिसायला हवं होतं.

पहिल्याच दिवशी शेजारची ओनेलिया दारात उभी. "आमच्याकडं नाही बाई उघडत. इथंच बघते."

दुसऱ्या दिवशी तारा ओढणारी यामिल्का येऊन कॉम्प्युटरशी जरा खुडबुडली आणि "बघू, वेळ लागेल," म्हणून निघून गेली.

मग रोज चारच्या सुमाराला कुणी ना कुणी यायचं, कुणी आपली खुर्ची घेऊन, कुणी मूठभर साखर. "आमच्याकडं उघडत नाही!" एवेलिओ ओशाळून कॉफी टाकायचा. एकेका झग्यावरून मिग्दालियाच्या गोष्टी निघायच्या.

दोन महिन्यांनी एक पुस्तक चाळताना त्याला स्वतःची चूक उमगली. त्यानं लिहिलेल्या एका ओळीमुळं सर्व्हर फक्त त्याच्याच कॉम्प्युटरला उत्तर देत असणार. तो ओळ बदलायला बसला, तर ती आधीच बदललेली. खाली यामिल्कानं नोंद ठेवली होती: 'दुरुस्त केलं. आता सगळ्यांकडं दिसतंय.' तारीख दोन महिन्यांपूर्वीची, ती आली होती त्या दुसऱ्याच दिवसाची होती.

दार वाजलं. "मेलं आजही उघडत नाही रे," ओनेलिया म्हणाली.

एवेलिओनं घाईघाईनं डोळे पुसले. "काय बिघडलंय, मला तरी कुठं कळतंय? बस, कॉफी टाकतो."