पालथं कवच

“ही आमची न्हाय,” येसूबाई म्हणाली आणि मूर्तीचा फोटो दाखवणारा वैजयंती वकिलीणबाईंचा मोबाइल तिनं परत त्यांच्यापुढं सारला.

सयाजीनं मोबाइल पुन्हा तिच्यासमोर धरला. मंद्रूपकडच्या त्यांच्या गावातून वेशीवरची देवी, वेशीआई, चोरीला गेली, तेव्हापासून गावचा पंच म्हणून तोच सोलापूरला खेटे घालत होता. आज तो गुरवाच्या येसूबाईला घेऊन आला होता. दोन दिवसांनी लंडनमध्ये फोटोतल्या मूर्तीचा लिलाव होणार होता.

“काकी, नीट बघा की!”

“बघितलं. काळी कुळकुळीत बाई हाय. आमची आई शेंदरानं लाल हाय.”

चोरी झाली तेव्हा फौजदार म्हणाला होता, दगडच गेला ना, दुसरा बसवा. त्याला दगड दिसला. चोरांना बरोबर मूर्ती दिसली.

“बार्शीत पकडलेला दलाल तुमच्याच गावाचं नाव घेतोय,” वैजयंती म्हणाली. “पण तेवढ्यावर तिकडचं कोर्ट लिलाव थांबवत नाही. तुमचे जत्रेचे फोटो पाठवले. त्यांचा वकील म्हणतो, हा लाल गोळा आहे, वर चांदीचे दोन डोळे. यात मूर्ती कुठाय? काय उत्तर देऊ मी?”

तिनं समोरची फाइल उघडली.

“चोरांनी शेंदूर काढला कुठं, ते तरी कळलं का?”

“उसाच्या बांधावर. शेंदराचं कवच सापडलं की आमाला,” सयाजी म्हणाला. “ समोरनं अख्खंच्या अख्खं निघालं होतं.”

वैजयंती खुर्चीतून उठली. “अख्खं? अहो, मग आतून चेहरा उमटलेला असणार त्यात! नाक, ओठ, सगळं. या फोटोशी ताडून दाखवलं की त्यांची बोलतीच बंद. कुठाय ते?”

सयाजीनं पायाकडं बघत सांगितलं.

“सीनेत सोडलं, मॅडम. आईचं कवच निघालं की नदीत सोडायचं असतंय. हलगी लावून नेलं. माझ्याच डोक्यावर हुतं.”

“आणि आत कुणी बघितलं नाही?”

“बघायचं नसतंय. पालथंच न्यायचं.”

वैजयंती मटकन बसली. मग म्हणाली, “आता एकच उरलं. मावशी, शपथेवर सांगा. ही आमची देवी, मी हिला ओळखते.”

“काकी, व्हय म्हणा. पाया पडतो तुमच्या. परवा गेली की गेली ती!”

“शपथ कुणाची घ्यायची?”

सयाजी हळूच म्हणाला, “आईचीच की.”

येसूबाईनं मोबाइल पुन्हा हातात घेतला. सरळ नाक. हसरे ओठ. शेंदूर लावायच्या सवयीनं तिनं फोटोतल्या कपाळावर अंगठा टेकवला, तसा फोटो वर सरकला आणि खाली किमतीचा आकडा आला.

“लग्न हून आल्यापास्नं तेल-शेंदूर लावला हिला,” ती म्हणाली. “तोंड कसलं हाय, ते मला ठाव न्हाय. गावात कुणालाच न्हाय. एका चोरानं तेवढं बघितलंय. त्यालाच घाला की शपथ.”

तिनं मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या पालथ्या मोबाइलला हात जोडले.