मंगळवारचा कापूस

"रात्रीपासून पोटात काही नाही ना, मावशी?" नर्स सुनीने विचारलं. बुआलोयने मान हलवली. तेवढं खरं होतं. खोटं होतं ते कागदावर.

तीन औषधं बदलूनही जिची उदासी हटेना, अशी ती पेशंट. कोलेस्टेरॉल वाढलेलं असलं की औषध लागू पडायला अडतं का, हे थायलंडमधल्या लाम्पांगच्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई तपासत होत्या. दर मंगळवारी उपाशीपोटी रक्त द्यायचं, मग मन कसं आहे त्याचा कागद भरायचा. बरं वाटू लागलेल्याचं किंवा कोलेस्टेरॉल उतरलेल्याचं नाव यादीतून कमी.

चौथं औषध लागू पडून दोन महिने झाले होते. तरी बुआलोय 'कशातच मन लागत नाही' यापुढेच खूण करी. वर डुकराच्या चामडीचे तळलेले कुरकुरे आठवडाभर चघळी, कोलेस्टेरॉल उतरू नये म्हणून. नवरा गेल्यापासून घरात बोलायला चिटपाखरू नव्हतं. सहा दिवस ती भिंतीकडे बघत काढी. मंगळवारी इंथा भेटे.

इंथा म्हातारा सुतार, वर्षभरापूर्वी याच यादीत आलेला. ती रक्त देऊन बाहेर येई तेव्हा तो आधीच बाकावर, कोपरात कापूस दाबून बसलेला असे. तिच्या कापसावर लाल ठिपका, त्याचा पांढराशुभ्र. "माझ्यात रक्त उरलंय कुठं," असं म्हणून तो हसे. मग दोघं कँटीनमध्ये गरम पेज खात. तिला न आवडणारं आलं तो न बोलता स्वतःच्या वाटीत घेई.

आज रक्त दिल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिला आत बोलावलं.

"मावशी, कँटीनमध्ये तुम्हाला पोट धरून हसताना पाहिलंय मी. कागदावर काहीही लिहा. तुम्ही बऱ्या झालात." आणि त्यांनी यादीतल्या नावावर रेघ मारली.

बुआलोयला रडू फुटलं. काचेपलीकडे इंथा बाकावर बसला होता, कोपर दुमडून. त्याच्यासमोर जायचा तिला धीर होईना. तिने दाराशी उभ्या सुनीचा हात धरला.

"त्याला तूच सांग, पुढच्या मंगळवारपासून मी नाही. त्याला अजून गुण नाही. एकटा पडेल गं."

सुनीने काचेपलीकडे पाहिलं.

"इंथाकाका? त्यांचं नाव कमी होऊन सात महिने झाले, मावशी. दर मंगळवारी उपाशी येतात, माझ्याकडून कापूस तेवढा मागून नेतात."