परक्या हातची फळी

लढाई जाहीर झाल्याचा गिरणीचा भोंगा वाजला, तेव्हा पेटीवाला रंधा मारत होता. रंधा त्याने थांबवला नाही. नफा मात्र मनातल्या मनात मांडून टाकला. अर्धं जग उरलेल्या अर्ध्या जगावर तुटून पडणार, आगगाड्या भरभरून माणसं जाणार, आणि गावात शवपेट्या करणारं दुकान एकच, त्याचं. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. संध्याकाळच्या आत त्याने गोदामभर लाकूड सांगून ठेवलं.

आठवडाभरात सैन्याचा साहेब दुकानात आला. तोफगोळ्यांसाठी लाकडी खोकी हवी होती. नमुन्याचं खोकं त्याने बाकावर ठेवलं. कच्चं लाकूड, मोजके खिळे, दोराची मूठ.

“आमचं काम घेणाऱ्याची माणसं भरतीतून सुटतात,” साहेब म्हणाला, आणि कोपऱ्यात पॉलिश करत बसलेल्या पेटीवाल्याच्या मुलाकडे त्याने पाहून घेतलं.

पेटीवाल्याने खोकं उलटं केलं, टिचकी मारली आणि परत सरकवलं. “असलं काम करून हात बिघडतो, साहेब. समोरच्या खुर्चीवाल्याला विचारा. नाहीतरी त्याच्या खुर्च्या बसल्यावर रडतातच.”

साहेब हसला आणि रस्ता ओलांडून गेला. बायको आतून सगळं ऐकत होती.

“अहो, आपल्या पोराचं काय?”

“त्याची पाळी यायच्या आत लढाई आटोपते. फार तर हिवाळ्यापर्यंत.”

“आणि हे गोदामभर लाकूड?”

“ते पेट्यांसाठी. दोन-तीन वर्षं तरी चालेलच ना लढाई.”

“एकच लढाई ना हो ही? का पेट्यांची वेगळी आणि पोराची वेगळी?”

पेटीवाल्याने पुन्हा रंधा उचलला. बायकांना धंद्यातलं कळत नाही, यावर धंद्यातल्या सगळ्या पुरुषांचं एकमत असतं.

लढाई पेट्यांच्या हिशेबाने चालली. दुसऱ्या वर्षी पोराला बोलावणं आलं. स्टेशनवर पेटीवाल्याने गाडीच्या खिडक्यांतल्या साऱ्या पोरांकडे पाहिलं. आपल्या पोराकडे पाहायचं त्याने टाळलं. धंद्याची सवय वाईट. माणूस समोर आला की त्याची नजर आधी लांबी-रुंदी घेई. आणि घरच्या माणसाचं माप घ्यायचं नाही, हा तर सुतारांचा जुना रिवाज. घरच्याची पेटी परक्या हाताने करायची, आणि त्या हाताने तिचे पैसे घ्यायचे नाहीत. पेटीवाल्याच्या बापाची पेटी खुर्चीवाल्याच्या बापाने केली होती. खुर्चीवाल्याच्या आईची याने केली. आता पाळी खुर्चीवाल्याची होती. पण असलं काही स्टेशनवर आठवायचं नसतं, म्हणून पेटीवाल्याने मोठ्याने नाक शिंकरलं.

माणसं मरत होती, त्यात खोट नव्हती. पण मेलेले घरी येईनात. जिथे पडत तिथेच पुरले जात. गावात यायचं ते नुसतं नाव, गिरणीच्या फाटकावर चिकटवलेलं, आणि नावाला पेटी लागत नाही. त्यावर कडी म्हणजे गावातले म्हातारेही मरायला तयार होईनात. नातू परत आल्याशिवाय डोळे मिटायचे कसे? खोकून खोकून अर्धा झालेला जुना पोस्टमास्तर, ज्याचं माप पेटीवाल्याने लढाईआधीच नजरेने घेऊन ठेवलं होतं, तो रोज सकाळी काठी टेकत दुकानावरून जाई आणि वर विचारी, “काय, कसा काय धंदा?”

“तुमच्या कृपेवर आहे,” पेटीवाला म्हणे.

समोर खुर्चीवाल्याकडे दिवसभर हातोडे वाजत. त्याची दोन्ही पोरं खोकी ठोकत होती. तयार झालेल्या प्रत्येक फळीवर तापलेल्या लोखंडाने खुर्चीचं चित्र डागलेलं असे. खुर्चीवाला पूर्वीपासूनच असा. काम कसंही असो, शिक्का पक्का.

शेवटच्या हिवाळ्यात पेटीवाल्याच्या मुलाचं नाव फाटकावर लागलं. मग लढाई संपली.

वसंतात मुलाचा एक सोबती भेटायला आला. एक बाही रिकामी, खिशात खोचलेली. पेटीवाल्याची बायको त्याला बस म्हणाली, पण दुकानात बसायला पेट्यांशिवाय दुसरं काही नव्हतं, म्हणून तो उभाच राहिला. मुलगा कसा होता, काय बोलायचा, कसा हसायचा, ते तिने खोदून खोदून विचारलं. पेटीवाल्याने एकच विचारलं.

“पेटी मिळाली का रे त्याला?”

“पेटी कुठली, काका. घोंगडीत गुंडाळला. पण डोक्याशी फळी रोवली. गोळ्यांचं खोकं फोडून मीच काढली, तेव्हा दोन्ही हात होते. नावही कोरलं.”

“फळीवर काही शिक्का होता?”

“होता की. खुर्चीचं चित्र. खरवडलं, पण निघेना. मग म्हटलं, राहू दे.”

पेटीवाल्याने समोर पाहिलं. खुर्चीवाल्याच्या दारात आता चाकं लावलेल्या खुर्च्यांची रांग होती, आणि गिऱ्हाइकांना उचलून आणावं लागत होतं.

“म्हणजे रिवाज पाळला गेला,” बायको डोळ्यांना पदर लावत म्हणाली. “परक्या हातची फळी मिळाली माझ्या लेकराला.”

पेटीवाल्याने मान हलवली. रिवाज अर्धाच पाळला गेला होता. त्या फळीचे पैसे सरकारने खुर्चीवाल्याला केव्हाच चुकते केले होते. घरच्यांकडून मात्र रिवाजाप्रमाणे कोणी दमडी मागितली नव्हती. घरच्यांनी फक्त माणूस द्यायचा असतो. तो पेटीवाल्याने दिला होता.