पितरांचा वाटा

दारूबंदी नुकतीच लागू झाली होती. लेकीच्या लग्नासाठी मोहाची गाळली म्हणून धुरपताबाईच्या नवऱ्याला, खेमसिंगला, पोलिसांनी नेमकं हळदीच्या सकाळी उचललं. त्याच दुपारी आमदार तांड्यावर भाषणाला आले. "दारूला मी जन्मात शिवलो नाही!" त्यांनी आवाज चढवला, तशी धुरपताबाई पुढे झाली.

"भाऊसाहेब, पोरीच्या बापाले सोडा जी. बापाबिगर लगन कसं लावू?"

"बाई, कायदा सगळ्यांना सारखा," म्हणत त्यांनी खाकरून पाणी मागितलं.

तिने लोटा भरून दिला. बोलण्याच्या भरात आमदारांनी त्यात बोट बुडवलं, दोन थेंब जमिनीवर उडवले, डोळे मिटले आणि लोटा तोंडाला लावला. सभा जी हसत सुटली, की फौजदारालाही टोपी सावरता येईना. पितरांचा तो वाटा तांड्यात दारूतूनच काढतात; पाण्यातून कुणी काढत नाही.

"पाणीच आहे जी ते, भाऊसाहेब," धुरपताबाई तोंडाला पदर लावून म्हणाली. "खरी पाह्यजे असन, तर पोरीच्या बापाले सोडाच लागन. तसा हात तांड्यात दुसऱ्या कोणाचा नाही."