सात ग्रॅमची चिंबोरी

"शंभर ग्रॅममागे सात ग्रॅम प्रोटीन!" सुचिताने पाकीट उजेडात धरून मोठ्याने वाचलं. "सात, बाबा! खऱ्या चिंबोरीत अठरा-एकोणीस असतं. बाकी सगळं स्टार्च, साखर आणि मीठ. राणी माशाचा लगदा करून वर लाल रंग फासलाय. यात चिंबोरी औषधालासुद्धा नाही."

"नाय ना? मंग बरा हाय," देवजी म्हणाले आणि त्यांनी आणखी एक कांडी तोंडात टाकली.

सुचिताने कपाळावर हात मारला. असा सासरा वैऱ्यालाही मिळू नये, असं तिच्या मनात येऊन गेलं.

देवजींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दिवसाआड डायलिसिस चालू होतं. त्यांची बायको गोजराबाई आपली एक किडनी देणार होती आणि तिच्या सगळ्या तपासण्या जुळल्या होत्या. देवजी आधी नकोच म्हणत होते. मग गोजराबाईने अन्नपाणी सोडलं, तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. आता गाडी अडली होती ती त्यांच्या अशक्तपणावर. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन फार कमी होतं. अशा अंगावर कापलं तर जखम भरणार नाही, आधी नीट खाऊ घाला, मग ऑपरेशनचं बघू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

खाऊ घालायचं काम सुचितावर आलं. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं.

अंड्याचा देवजींना वास यायचा. पापलेट घशाखाली उतरायचं नाही. पनीर म्हणजे रबर. चव म्हणून लागायची ती एकाच गोष्टीची, चिंबोरीची, आणि चिंबोरी तर ते काशीला सोडून आले होते. काशीला गेलं की आवडीची एक वस्तू तिथेच सोडून यायची, ही त्यांच्या बोनकोडे गावात घरोघरची रीत. एकदा सोडलेली वस्तू मरेपर्यंत तोंडात घालायची नाही.

मग सुचिताचा नवरा मिथुन मॉलमधून ही क्रॅब स्टिकची पाकिटं घेऊन आला. नावात चिंबोरी आणि आत मासा, म्हणजे चवही मिळाली आणि नेमही मोडला नाही. स्वतःच्या हुशारीवर तो भलताच खूश होता.

"अरे, पाय बघ त्यांचे, किती सुजलेत. त्या कांड्यांत मीठ किती असतं माहितीय?" सुचिता म्हणाली.

"तू टेन्शन नको घेऊ गं. काहीतरी खातायत ना?"

"काहीतरी खाऊन ऑपरेशन होत नसतं, मिथुन!"

सुचिता रबाळ्याला एका खाद्यपदार्थांच्या कंपनीत, लॅबमध्ये होती. दिवसभर पाकिटांवरचे आकडे तपासायचे आणि घरी येऊन पुन्हा तेच आकडे या माणसासमोर वाचायचे. वैताग नुसता.

त्यातल्या त्यात समाधान एवढंच, की देवजी ऐकून घ्यायचे. वर विचारायचेसुद्धा.

"अंड्यात किती बोल्लीस?"

"एका अंड्यात सहा, बाबा."

"आन डाळीत?"

ती डाळीचं सांगायची, माशाचं सांगायची, दह्याचं सांगायची.

"आन या कांड्या सगल्यात हलक्या. वर मीठ जास्ती. बराबर?"

"अगदी बरोबर! कळलं ना आता?"

"कललं." आणि त्यांचा हात पुन्हा त्याच वाटीकडे जायचा. सुचिताला ओरडावंसं वाटायचं. दाराजवळचं मांजरसुद्धा इतक्यात शिकलं असतं.

नवा रिपोर्ट आला तो आधीच्याहून वाईट. असंच चाललं तर ऑपरेशनचा विचार सोडावा लागेल, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी आल्यावर गोजराबाई नवऱ्यासमोर बसली आणि रडायलाच लागली.

"अवो, खा ना जरा. मी तयार हाय ना, मंग तुमचं काय अडलंय?"

"खातंय ना गं," म्हणत देवजींनी आपल्या पंचाने तिचे डोळे पुसले.

रविवारी सुचिताने पदर खोचला. रावसाचा गर आणि अंड्याचा पांढरा भाग एकत्र वाटला. मीठ अजिबात घातलं नाही, नुसतं लिंबू पिळलं. त्याच्या वळकट्या फडक्यात बांधून वाफवल्या, एका बाजूने काश्मिरी मिरचीचं पाणी लावलं आणि कांड्या कापल्या. नकली चिंबोरीची नक्कल! मिथुनने एक खाल्ली, त्यालाही फरक कळला नाही. चिंबोरीचा कणही नव्हता, तेव्हा नेमाचाही प्रश्न नव्हता.

देवजींनी एक खाल्ली. दुसरी खाल्ली. मग मांडी घालून सरळ बसले.

"आज जाम बेस लागतंय," ते म्हणाले.

कित्येक महिन्यांत ते असं जेवले नव्हते. गोजराबाईचा चेहरा फुलला. आणखी आणते म्हणून ती लगबगीने स्वयंपाकघरात गेली.

सुचिताला आता राहवेना. इतके दिवस डोकं फोडल्यावर एवढा आनंद तिचा हक्काचा होता.

"बाबा, या मॉलमधल्या नाहीत, मी केल्यात! रावस आणि अंडं. मीठ नाही आणि प्रोटीन दुपटीहून जास्त. महिनाभर असंच जेवलात ना, तर डॉक्टर स्वतः फोन करून ऑपरेशनला बोलावतील."

देवजींचा घास थांबला. हातातली कांडी त्यांनी ताटात परत ठेवली. आत भांड्याचं झाकण वाजलं, तसं त्यांनी एकदा तिकडे बघितलं. मग ताट सुचिताकडे सरकवलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"पोरी, तिचं पोट फाडून मना जगाचं नाय. हे उचल."