ओ ग्रुपवाले

“बिडी सोडजो रे बापू,” वारल्या त्या सकाळी सासूबाई यांना म्हणाल्या होत्या. हे ‘हो’ म्हणाले, पण बिडी काही सुटली नाही. ती सुटावी म्हणून माझे सोमवार चालूच आहेत. आता यांनी मोबाइलवर वाचलंय, ओ ग्रुपवाल्यांना फुफ्फुसाचा कॅन्सर कमी होतो.

आज मी तुळशीला पाणी घालत होते आणि हे शेजारी धूर सोडत होते.

“मी ओ आहो, मले काई होत नाई. तू आपले सोमवार सोड.”

“कटाळली बाप्पा मी! तुमचा ओ आहे, हे सांगतलं कोनं?”

“दवाखान्यात. मायले फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तवा रक्त द्याले गेल्तो. तिचाही ओच…”

यांनी हातातली बिडी विझवली. मग चपला घातल्या आणि मार्कंड्याच्या देवळात महादेवापुढे बिडी सोडायला एकटेच निघाले.