अपवादाची सोय

आमची संस्था देशोदेशीच्या निर्वासित छावण्यांना मदत पोहोचवते आणि तिची कॉम्प्युटर यंत्रणा मी सांभाळते. लेक अजून रांगतही नव्हती, तेव्हा माझी बदली पार टोकाच्या छावणीवर झाली. "थोडी पुढे ढकलता येईल का?" एवढंच मी विचारलं, तर साहेब भर मीटिंगमध्ये हसले. "बघा, अपवाद बायकाच मागतात!"

गेले मी. अंगावर पिणारी लेक बहिणीच्या ओटीत घातली आणि तिचं पहिलं पाऊल फोनवर पाहिलं.

परत आल्यावर साहेबांनीच काम दिलं: बदल्या ठरवणारं सॉफ्टवेअर बनव. "मुख्यालयात जो सगळ्यात जास्त वर्षं बसलाय, त्याचा नंबर आधी. आणि अपवादाची सोय अजिबात ठेवू नकोस." आपण साहेब, आपल्याला कोण हलवतंय, हे त्यांनी गृहीतच धरलेलं. मी अगदी हुकुमाबरहुकूम बनवलं.

आज सगळ्यांसमोर ते पहिल्यांदा चालवलं. पडद्यावर पहिलंच नाव साहेबांचं, आणि छावणी तीच, माझी. टाळ्यांसाठी उचललेले त्यांचे हात तसेच राहिले.

जेवणाच्या सुट्टीत ते माझ्या टेबलापाशी आले. आवाज लोण्यासारखा मऊ. "अगं, घरी आई थकलीय. माझी बदली तेवढी पुढे ढकलता येतेय का, बघ ना."

मी त्यांना बसायला खुर्ची दिली. प्यायला पाणी दिलं.



"अपवाद तर बायका मागतात ना, साहेब?"